मागणीचे कारण

शाळेच्या ग्रंथालयातून सर्वाधिक वेळा नेला जाणारा पॉडकास्ट कशाविषयी आहे, हे तो नेणाऱ्या एकाही बाईला सांगता येत नव्हते.

नववीतल्या संघप्रियाने तो धानावरच्या तुडतुड्यांविषयी केला होता. विद्यार्थ्यांचे पॉडकास्ट मेमरी कार्डावर घालून, छोट्या स्पीकरसह, पुस्तकांसारखे घरोघरी द्यायचे, ही प्रफुल सरांची योजना. तिच्याच वर्गातल्या चंचलच्या गोड गळ्यातल्या गोष्टी कपाटात पडून राहत आणि संघप्रियाचे तुडतुडे गावभर हिंडत.

"तुह्या भोंग्यावानी आवाजावर हासत असतीन बाया," चंचल म्हणाली, आणि तेव्हापासून संघप्रियाच्या जिवाला स्वस्थता नव्हती. कार्डावरून तो पॉडकास्ट पुसून टाकायचे तिने ठरवले. त्याआधी मात्र, स्पीकर न्यायला आलेल्या मनकर्णाबाईंना तिने दारातच अडवले.

"बाई, खरं सांगा. हासासाठीच नेता नं माहा आवाज?"

"हासू कायले, पोरी? आमी तं आयकतच नाई."

"मंग कोन आयकते?"

मनकर्णाबाईंनी जंगलाकडे बोट दाखवले.

मोहफुले वेचताना बाया पहाटेपासून वाकलेल्या असतात, आणि वाकलेले माणूस वाघाला जनावरासारखे दिसते, असे गाव मानते. म्हणून, इथे माणसे आहेत हे वाघाला लांबूनच कळावे यासाठी, पाठीमागच्या झाडाला त्या बोलता स्पीकर टांगत. तुडतुड्यांशी वाघाला काही कर्तव्य नव्हते. चंचलचा आवाज दोन झाडांपलीकडे विरून जाई. संघप्रियाचा नाल्यापलीकडे पोचत असे.