ओल्या कापसाची ओवी

अमेरिकेतल्या लढाईमुळे तिथला कापूस बंद झाला आणि विलायतेला वऱ्हाडचा कापूस कितीही पाठवला तरी कमी पडू लागला, तसा अमरावतीचा महादेवराव अडत्या वजन वाढावं म्हणून गाठींमध्ये माती भरायला आणि वरून पाणी मारायला लागला. पाणी मारायचं काम त्याच्याकडे मजुरीला असलेल्या जयवंताचं. ओव्या रचण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, पण महिनाभरात तिला एकही ओवी सुचली नव्हती.

"आजकाल गात काऊन नाई वो?" सोबतच्या दुर्गाबाईनं विचारलं.

"हातानं खोटं करून राहिली, तोंडात खरं येईन कुठून? माहीच मले किळस येते."

दुसऱ्या दिवशी मुंबईचा खरेदीदार आला. जयवंतानं घागर खाली ठेवली आणि ती सगळ्यांदेखत गायला लागली:

"वर पांढरा कापूस, आत माती गं बाई,
पाणी म्याच मारलं, खोटं सांगत नाई."

महादेवरावाचा चेहरा पडला. खरेदीदार मात्र खदखदून हसला. "गाऊ द्या हो तिला! जहाजावर चढवण्याआधी आम्हीही मारतोच पाणी."

जयवंता त्याच्या पायाशी थुंकली. मग तिनं त्याला त्याचं नाव विचारलं आणि ते घालून दुसरी ओवी सुरू केली.