मोहाखालची राख

राख अजून कोमट होती. श्रीहरी मोहाच्या झाडाखाली उकिडवा बसून ती बोटांनी उकरत होता.

"मले काय ठाऊक, भाऊजी?" थोरली वहिनी शकुबाई कमरेवरची टोपली सावरत म्हणाली. "फुलं पडाच्या आधी मोहाखालचा पाला दरसाली जाळतोच ना आपण. साफ जागा पायजे वेचाले."

काल श्रीहरी मूल गावच्या बाजाराला गेला आणि तिनं नेहमीसारखी काडी लावली. पाल्याबरोबर सगळा कोपरा गेला. कागद कारखान्याला विकायच्या नीलगिरीत पाखरू बसत नाही, म्हणून या कोपऱ्यातली नीलगिरी श्रीहरीनं स्वतःच्या हातानं उपटली होती. चारोळी, तेंदू, मोह पेरला होता. मागल्या पावसात लाव्यांनी तिथं अंडी घातली. "होळीपर्यंत इथं काही जगलं तर कोपरा तसाच राहील, नाहीतर परत नीलगिरी," असं थोरल्या भावानं, नानाजीनं, बजावलं होतं.

नानाजी आला. दर एकादशीला कीर्तनात पुढं बसून भूतदयेवर मान डोलवणारा माणूस. त्यानं काठीनं राख उडवली.

"झालं का बे तुह्यं जंगल? आता लावे कुठी ठेवतं, डोक्यावर?" तो खदखदून हसला. "माणसाले खाले नाई अन् हा पाखराईले घर बांधून राह्यला. काऊन रे, भाडं देतात का ते?"

श्रीहरी उकरतच राहिला.

"मुखरू!" नानाजीनं गड्याला हाक मारली. "नीलगिरीचे रोपं आण. आजच भरून टाक हा कोपरा."

टपकन एक मोहफूल पडलं. मग दुसरं. नानाजीनं वाकून एक तोंडात टाकलं.

"गोड हाय यंदा!"

जंगलाचा तिटकारा होता, फुलांचा नव्हता. धोतराचा सोगा पसरून तो भराभर वेचू लागला आणि वेचता वेचता पुढं सरकला.

श्रीहरीची बोटं थांबली. राखेत चारोळीचं एक रोप उभं होतं. पानं करपलेली. त्यानं खोडाला हलकेच नख लावलं. आत हिरवं होतं, ओलं.

"वहिनी, जित्तं हाय! हे पाहा—"

त्या रोपावर नानाजीची वहाण आली.

"भाऊ, पाय उचला."

नानाजीनं मान वर केली नाही.

"थांब ना बे. एवढे फुलं तर होऊ दे."