न घेतलेल्या बाटलीची पावती

"बाई, याला तुम्ही शेत म्हणता?" थोरल्याने वांग्याचं एक पान उलटं करून तपासनीस बाईंच्या नाकासमोर धरलं. पानाला मावा लागला होता. "हे बघा. इथे किडे राहतात. आमचा भाऊ त्यांचा रखवालदार."

औषधांचा दुकानदार खो-खो हसला. थोरल्याच्या विनोदांना हसण्याचा त्याला सरावच होता. त्याचं निम्मं दुकान दरवर्षी थोरल्याच्याच पिकावर फवारलं जायचं. आज तो आपण होऊन आलेला नव्हता. एकट्याने हसण्यात मजा नाही म्हणून थोरल्याने त्याला गाडीवर मागे बसवून आणलं होतं.

धाकटा मान खाली घालून बांधावर उभा होता. तीन वर्षांपूर्वी त्याने फवारणी सोडली आणि आठवडाभरातच त्याचं नाव शेणमहाराज पडलं. आज त्या तीन वर्षांचा निकाल होता. सेंद्रिय शेतीचा दाखला मिळाला, तर शहरातलं एक प्रसूतिगृह आपल्या स्वयंपाकघरासाठी वर्षभर त्याचीच भाजी घेणार होतं. नाही मिळाला, तर शेत थोरल्याला कसायला द्यायचं, असं घरात सगळ्यांच्या देखत ठरलं होतं. थोरल्याने मधला बांध कुठून फोडायचा हेसुद्धा मनाशी पक्कं केलं होतं.

दाखला कसला, तो कशावर देतात, हे विचारण्याचे कष्ट मात्र त्याने घेतले नव्हते. शेणमहाराजाच्या कागदात असून असून काय असणार? चांगल्या पिकाला बक्षीस देतात, तसलंच काहीतरी. आणि चांगलं पीक म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याची वांगी आरशासारखी चकचकीत असायची. ती तो स्वतः खात नसे, पण तो प्रश्न वेगळा.

"शेवटची फवारणी कधी झाली?" बाईंनी वही उघडून विचारलं.

"फवारणी?" थोरल्याने कपाळावर हात मारला. "अहो, याच्याकडे पंप तरी आहे का? होता तो भंगारात घातला. मी या हंगामात अकरा वेळा औषध मारलं. हा तीन वर्षांत एकदाही नाही. आमचे बांधाला बांध आहेत. मी रोज बघतो ना, डोळे फुटलेत का माझे?"

बाई लिहीत होत्या. थोरल्याला चेव आला.

"सेंद्रिय-बिंद्रिय सब झूट. आळस आहे नुसता. याच्या गवताचं बी उडून माझ्या रानात येतं. तणनाशक मार म्हणून मी सोसायटीत तीनदा लेखी अर्ज दिला. हा ढिम्म."

"अर्जांच्या प्रती आहेत?"

"तारीख आणि शिक्क्यासकट." त्याने खिशातून तीन कागद काढले. ते त्याने मुद्दाम आणलेच होते. वर्षाला एक, असे व्यवस्थित घडी घातलेले होते.

आता दुकानदारालाही राहवेना. "बाई, या भागात औषधाचं दुकान माझं एकट्याचं. तीन वर्षांत या गृहस्थाने माझी पायरी चढली असेल तर शपथ. खताची पिशवी नाही, की औषधाचं झाकणसुद्धा नाही. असल्या गिऱ्हाइकाला काय चाटायचंय?"

"हे लिहून देता?"

"दोनदा देतो," दुकानदार म्हणाला आणि त्याने सही ठोकली. थोरल्याने त्याच्या खाली आपली लफ्फेदार सही केली, वर दोन टिंबंही दिली. मग रुमालाने बोटं पुसली.

बाईंनी अर्ज आणि जबाब एकत्र टाचले, पिशवीतून शिक्का काढला आणि मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून तो उमटवला. "झालं. दाखला मिळाला तुम्हाला," त्या धाकट्याला म्हणाल्या. "परवा मी पावत्या मागितल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, न घेतलेल्या बाटलीची पावती कुठून आणू? बरोबर होतं तुमचं. पण औषध मारलं नाही, याला पुरावा लागतोच. इतका भक्कम पुरावा मी अजून पाहिला नव्हता."

दुकानदार थोरल्याकडे बघायला लागला. थोरला त्या शिक्क्याकडे बघत होता.

"एक मात्र विचारते," बाई पिशवी बंद करत म्हणाल्या. "साक्षीला सख्खा भाऊ कसा बोलावलात? नातेवाइकांवर आमचा भरवसा नसतो. आपल्या माणसाचं भलं व्हावं म्हणून ते सर्रास खोटं बोलतात."

धाकट्याने पहिल्यांदाच मान वर केली.

"म्हणूनच दादाला बोलावलं, बाई. तो माझ्या भल्यासाठी कधी खोटं बोलायचा नाही."