रविवारचा सामना

चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा सुजलेला गुडघा. जेलीचं हिरवं अस्वल. जर्मनीतल्या बोब्लिंगेनमधलं धुकं. कुकरची शिट्टी.

विनय ऑफिसच्या टिपश्पीलसाठी, निकाल ओळखायच्या पैजेसाठी, अमेरिकन फुटबॉलच्या आठवड्याचे अंदाज भरत होता. जिंकणाऱ्या संघाच्या नावावर त्याची पाच वर्षांची लेक स्वराली जेलीचं अस्वल ठेवायची. तिचं आजवर चुकलं नव्हतं.

"इंजिनिअरसाहेब, लेकीची कॉपी करताय होय?" स्वयंपाकघरातून बायको, मालिनी, हसली.

रविवारच्या सामन्यावर स्वरालीने अस्वल ठेवलंच नाही.

"अगं, कोण जिंकणार?"

"नाइन, बाबा," तिने शाळेतल्या जर्मनमध्ये नकार दिला. "हा तू नाही बघत."

"मग कोण बघतं?"

"दुसरा बाबा." तिने त्याच्या खांद्यामागे पाहून हात हलवला.

विनयला मागे वळून बघवेना.

रविवारी विनयने सामना शेवटपर्यंत पाहिला, असं मालिनी सांगते. स्वराली म्हणते, "नाइन. दुसऱ्या बाबाने."