वर केलेला हात

या, जवळ सरकून बसा. एका सेवायात्रेची गोष्ट ऐकवतो.

रस्ते बंद म्हणून चर्चने डोंगरातल्या गावाची सेवायात्रा यंदा मोबाइलवरच काढली. घरबसल्या साठ यात्रेकरू, सदरे एका रंगाचे. पायाला धूळ न लागता सेवा पदरात! दरवर्षी सोबत जाणारे डॉक्टरही व्हिडिओ कॉलच्या एका चौकटीत बसले होते.

त्यांच्यासाठीच गावची नर्सबाई टेकडी चढून रेंजमध्ये आली होती. एक ओली बाळंतीण दोन दिवस तापाने फणफणत होती. औषध कोणतं, किती द्यायचं, एवढंच विचारायचं होतं.

"डॉक्टरसाहेब, एक मिनिट..." ती बोलू लागली आणि मागे कोंबडा आरवला.

"अहो, त्या गावाचा आवाज बंद करा आधी! गाण्याचा विचका होतोय," आयोजक खेकसले.

चर्चच्या पाळकांनी गात गात उपदेश सुरू केला. गळा असा, की दगडाला पाझर फुटावा, विषय शेजारप्रीती. नर्सबाईने लिहून पाठवलं, ते साठ जणांच्या 'आमेन'खाली गाडलं गेलं. मग तिने हात वर केला. ओठ हलत होते, डोळे वाहत होते. एक हात दुखला तेव्हा तिने दुसरा वर केला.

दीड तासाने आयोजक गहिवरले. "पाहिलंत त्या बाईंना? सबंध वेळ हात वर! भक्ती असावी तर अशी. चला, आता फोटोसाठी सगळे हसा."



प्रार्थनेला बसाल तेव्हा त्या बाळंतिणीच्या तान्ह्या लेकीची आठवण ठेवा. ती आईविना वाढतेय.