उमरावाचा पोरगा

"मी खफजीला जाऊन लोकांची ताटं उचलणार नाही!" मी अब्बांवर ओरडलो. तिकडं, आमच्या दम्मामपासून तीन तासांवरच्या गावात, इब्राहीमचाचांचं हॉटेल आहे. मी शाळा सोडली म्हणून अब्बांनी मला तिथं धाडायचं ठरवलेलं.

धाकटी अस्मा शाळेचा प्रोजेक्ट करत होती, पाचशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी इंग्लिश उमरावाच्या खानदानावर. तिनं मध्येच तोंड घातलं. "यानं पण पोराला दुसऱ्या उमरावाकडं पाठवलेलं, जेवण वाढायला. तेव्हा मोठ्या घरांत तशीच पद्धत होती."

"ऐक!" अब्बा खूश. "आणि हा बघा, दम्मामच्या दोन खोल्यांतला नवाब!"

मी अस्मावर डोळे वटारले. "पुढं काय झालं त्या पोराचं?"

तिनं पान उलटलं. "मोठा झाल्यावर त्यानं राजाकडं बापाची चुगली केली. राजानं बापाची मुंडी उडवली."

"बघा! पोराला घराबाहेर काढलं की असं होतं."

अब्बांनी मानेवरून हात फिरवला. माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं, सुटलो.

त्यांनी फोन लावला. "इब्राहीम, सामान घ्यायला दम्मामलाच आलायस ना? जाताना याला आजच उचल. घरात ठेवण्यात जोखीम आहे."

खाली हॉर्न वाजतोय. चला, मला निघायला लागेल.