एकोणीस किलो

काटा सदुसष्टवर थांबला. मगदूम डॉक्टरांनी वाकून पुन्हा बघितलं आणि शालूबाईचं जुनं कार्ड काढलं. फेब्रुवारी २००३: शहाऐंशी. आता ऑक्टोबर चालू होता.

"एकोणीस किलो!" डॉक्टर एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की बाहेरच्या बाकावरची माणसं माना वळवून बघू लागली. तपासायच्या खोलीला पडदा होता, दार नव्हतं.

शालूबाई काट्यावरून उतरली. शिवाजी पेठेतल्या या दवाखान्यात ती आठ वर्षं येत होती. खोकला असो, गुडघा असो, डॉक्टरांचं बोलणं एकच. "आधी वजन उतरवा, बाई. तोंडावर ताबा ठेवा." तेही असंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं. फेब्रुवारीत बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं होतं. त्यानंतर ती इथली पायरी चढली नव्हती. आज आली ती वाटभर एकच वाक्य घोकत. पण डॉक्टर बोलूच देईनात.

"शाब्बास! याला म्हणतात निर्धार. बघा, शिका जरा यांच्याकडनं!" त्यांनी पडदा बाजूला सारला. बाहेर कुणीतरी टाळी वाजवली. शालूबाई ओशाळून हसली. घोकलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

"बीपीसुद्धा उतरलंय. गोळी काही नको. असंच चालू ठेवा."

ती बाहेर आली. चपला घालताना कुणीतरी तिचा पदर ओढला. मागच्या गल्लीतली संयोगिता होती. उन्हाळ्यात बाळंत झालेली, अंगानं चांगली सुटलेली. लेकरू मांडीवर किरकिरत होतं.

"मावशी, काय केलासा वो? मलाबी सांगा की." पोरीचे डोळे भरले होते. "मागल्या खेपेला मला लई बोलले. आठ दिस झालं, रातचं जेवणच सोडलंय मी. बाळाला दूध पुरंना झालंय. पण काय बी होऊ दे, मला तुमच्यागत व्हायचंय."

शालूबाई तिच्याकडं बघतच राहिली. खानावळीत ती रोज दीडशे भाकऱ्या थापायची. आणि स्वतःच्या ताटातला घास, कुणी बघत नाही असं बघून, मोरीत टाकून यायची.

"माझ्यागत नगं," ती म्हणाली. "आदी घरी जा आनी पोटभर जेव."

चपला तशाच टाकून ती पुन्हा आत शिरली. आत एक पेशंट शर्ट वर करून झोपला होता. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

"डॉक्टर, मी काय बी केल्यालं न्हाय. घासच खाली उतरत न्हाय. चार म्हैनं झालं. आदी भाकरी अडकायची, आता भातबी अडकाय लागलाय."

डॉक्टरांचा हात पेशंटच्या पोटावर तसाच राहिला. मग त्यांनी त्याला बाहेर बसवलं, पडदा नीट ओढला आणि शालूबाईला खुर्ची दिली. मान चाचपली. घोटघोट पाणी प्यायला लावलं. कधीपासून, कुठं अडकतं, रक्त पडतं का, असं एकेक विचारत राहिले. आजवर त्यांनी तिला इतकं कधीच विचारलं नव्हतं. बाहेर चुळबुळ सुरू झाली, पण ते उठले नाहीत. त्यांनी ओळखीच्या सर्जनला फोन लावला. उद्या सकाळीच घशातून दुर्बीण घालून बघायचं ठरलं. "मी स्वतः येतो बरोबर," ते म्हणाले. मग त्यांनी सर्जनच्या नावानं चिठ्ठी लिहिली.

चिठ्ठी तिच्या हातात देऊन त्यांनी विचारलं, बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू, "मगाशीच का नाही बोललात?"

शालूबाईनं मान खाली घातली.

"आठ वर्सांत पैल्यांदाच तुमी माझ्यावर खूश झाला हुतासा, डॉक्टर. मग सांगू वाटंना."